जुन्या लष्करी जीपच्या पुढच्या ॲक्सलमधले रुतलेले कप आणि बुश कसे काढावेत

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूचं लष्करी कागदांवरचं नाव ‘ट्रक, पाव टन, ४×४’ असं होतं. आपण तिला जीप म्हणतो. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत जुळवायला घेतल्या त्या याच घराण्यातल्या, त्यामुळे हे काम आपल्याकडच्या बऱ्याच गॅरेजांत येतं.

ॲक्सल जीपखालून काढलाय आणि हब, स्पिंडल, शाफ्ट, स्टीअरिंग नकल उतरवलेत असं धरतो. किंगपिनच्या (ज्या खिळीवर नकल वळतो तिच्या) टोपीखालचे शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, वरचे वेगळ्या तारेत ओवा, खालचे वेगळ्या. एकत्र झाले की पुढे निम्मा दिवस मापं घेण्यात जातो.

हबमधले कप, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या, समोरच्या बाजूने पितळी सुंबा लावून, एकदा इकडे एकदा तिकडे ठोकत काढा. नळीतलं ऑइल सील स्क्रूड्रायव्हरने उचकटा, ते भंगारातच जायचं आहे.

स्पिंडलमधला पितळी बुश (शाफ्टला आधार देणारी छोटी नळी) ठोकत बसू नका, कापा. हॅकसॉचं नुसतं पातं आत घाला, टोकाला चिंधी गुंडाळा आणि लांबीच्या दिशेने एक खाच पाडा. भुसा पिवळा पडतोय तोवर कापा. करडा कण दिसला की थांबा, तो स्पिंडलचा आहे. मग बारीक छन्नीने खाचेची कड आत वळवा. बुश सैल होऊन हाताने निघतो.

खरी डोकेदुखी किंगपिनच्या खालच्या कपाची. नंबर ११५२०, बाहेरचा व्यास ४२.८६ मिमी. फाटक्या सीलमधून शिरलेलं पाणी आणि चिखल ॲक्सलच्या टोकाच्या पोकळ गोळ्याच्या तळाशी साचतो, त्यामुळे वरचा कप ठोकला की निघतो आणि खालचा गंजून बसतो. वरच्या भोकातून लांब सुंबा घातला तर त्याला टेकायला कपाची जेमतेम नखाएवढी कड मिळते. तिथून निसटला की घाव गोळ्यावर. दहा-बारा घावांत हलला नाही तर हातोडा ठेवून द्या.

गॅसने गोळा लाल करायचा सल्ला हमखास मिळेल. ऐकू नका. कप आणि गोळा दोन्ही सारखेच फुगतात, पकड तशीच राहते आणि सील ज्यावर घासतं तो पृष्ठभाग मात्र वाया जातो. रात्रभर गंजतेल मुरवणंही इथे फारसं कामाचं नाही. शिवाय पुढची पायरी वेल्डिंगची आहे आणि मुरलेलं तेल पेटतं.

ॲक्सल उलटा करा, म्हणजे खालच्या कपाचं तोंड वर येईल. ग्रीस कोरड्या फडक्याने शेवटच्या थरापर्यंत पुसा, शेजारी वाळूची बादली ठेवा. वेल्डिंगची अर्थिंगची वायर ॲक्सलच्या नळीवरच, घासून उजळ केलेल्या जागी लावा. अडीच मिमीचा साधा रॉड, ७०-८० अँपिअर. रोलर फिरतात त्या उतरत्या पृष्ठभागाच्या मधोमध एक सलग वेढा द्या. तळाच्या कडेपर्यंत जाऊ नका. कप गोळ्याला चिकटला तर मग पुढचं काम खराद्याचं.

वेल्डचा वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि कपाला आत ओढतो. पकड, म्हणजे कप भोकापेक्षा जेवढा मोठा असतो तो फरक, असते काही शतांश मिमीची, तेवढं आकसणं पुरतं. पाणी ओतून घाई करू नका, कडक झालेलं पोलाद तडकून तुकडे उडू शकतात. चष्मा काढू नका. हात लावता येईल इतका गार झाला की ॲक्सल सरळ करा. बहुतेक वेळा कप आपणच पडतो, नाहीतर आतून एक हलका ठोका पुरतो. तरीही नाही निघाला तर दुसरा वेढा द्या. पहिला बहुधा तुटक पडलेला असतो.

नवा कप बसवण्याआधी भोकातला गंज बोटाने चाचपून बारीक पॉलिश पेपरने काढा. धातू घासू नका. काढलेल्या कपाचा बाहेरचा व्यास ग्राइंडरने थोडा उतरवा, तोच नवा ठोकायला उत्तम. कप फ्रीजरमध्ये दोन तास ठेवून सरळ ठोका. तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बोदा न राहता खणखणीत येतो. आवाजावर विसंबू नका, फीलर गेजची ०.०५ मिमीची पट्टी चारी बाजूंनी घालून पाहा. कुठेही शिरली तर कप अजून बसलेला नाही, आणि तसाच राहिला तर शिम घालून केलेली बेअरिंगची ताण-जुळवणी पहिल्याच खड्ड्यात ढिली होते.