दसऱ्यासाठी गाडी घरी धुताय? या चुका टाळा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीपाशी एक बादली आणि एक फडका दिसतो. गाडीवर जीव असतो म्हणूनच माणूस ती स्वतः धुतो. पण रंगावरचे बहुतेक बारीक चरे याच फडक्याने पडतात. गडद रंगाची गाडी उन्हात उभी करा आणि बोनेटकडे तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतील.

रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही बारीक. त्यावर बसलेली धूळ म्हणजे वाळूचे कण. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणं हे त्यामुळे पॉलिश पेपर फिरवण्यासारखंच झालं. ही सगळ्यात मोठी चूक आहे, आणि गाडी पुसायला माणूस ठेवला असेल तर ती वर्षभर रोज घडते. त्याला स्पष्ट सांगा: आधी पाणी, मगच हात.

धुताना पाइपने नुसत्या पाण्याने टपापासून खालपर्यंत धूळ आणि चिखल वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात पिळायचा, मग शाम्पूत बुडवायचा. एकाच बादलीत काम उरकलं तर काढलेली माती पुन्हा बोनेटवर येते. चाकांसाठी वेगळा फडका ठेवा, तिथे ब्रेकची धातूमिश्रित भुकटी असते. फडका खाली पडला तर तो बाद, झटकून परत वापरू नका.

कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड वापरू नका. मीही पहिली दोन वर्षं भांड्यांचं लिक्विडच वापरत होतो. गाडी स्वच्छ दिसायची, पण त्याने वॅक्स, म्हणजे रंगावर लावलेला मेणासारखा थर, निघून जातं हे मला फार उशिरा कळलं.

बोअरचं पाणी असेल तर उन्हात गाडी धुऊच नका. पाणी उडून जातं, कॅल्शियम मागे राहतं आणि पांढरे डाग पडतात. सावलीत, बोनेट हाताला गार लागल्यावरच सुरुवात करा आणि धुतल्याबरोबर टिपून घ्या. डाग पडलेच, तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून मिनिटभर लावा आणि धुऊन टाका. तरीही राहिले तर ते थरात उतरलेत, घासून जाणार नाहीत. पक्ष्यांची विष्ठाही खरवडू नका. ओला फडका दहा मिनिटं ठेवला की ती मऊ होऊन सुटते.

वॅक्सचा थर अगदी पातळ हवा. जाड लावल्याने चमक वाढत नाही, पुसताना हात मात्र भरून येतात. बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकला ते लागू देऊ नका, तिथे पांढुरके डाग राहतात. मॅट फिनिशच्या, म्हणजे बिनचमकीच्या रंगाच्या गाडीला साधं वॅक्स नकोच. आणि रबिंग कंपाउंड, म्हणजे चरे घासून काढायची पेस्ट, हे वॅक्स नव्हे! ते दर वेळी क्लिअर कोटच थोडा थोडा खातं, म्हणून सणासुदीची चमक आणायला ते कधीच वापरू नये. आत डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारलं तर त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं. स्टीअरिंग आणि पेडलला तर ते लावूच नका, हात-पाय घसरतात.

गाडी धुतल्यावर ब्रेकची डिस्क ओली असते. पार्किंगमध्येच हळू चालवत तीन-चारदा ब्रेक दाबा, मगच रस्त्यावर काढा.

आता पूजा. हळद-कुंकवाचं बोट रंगावर न लावता काचेवर लावा, पांढऱ्या गाडीवर हळदीचा डाग पटकन धरतो. झेंडूचा हार तारेत ओवलेला असेल तर तो बोनेटवर बांधून गाडी पळवू नका, वाऱ्याने तार घासत राहते. दोऱ्यात ओवलेला घ्या आणि संध्याकाळी आठवणीने काढा.