आयसोप्रेनॉइड कसे बनतात? या चुका टाळा

आयसोप्रेनॉइड म्हणजे पाच कार्बनच्या तुकड्यांपासून पेशीत बनणारे रेणू, उदाहरणार्थ स्टेरॉल आणि कॅरोटिनॉइड. त्यांच्याबद्दलची पहिली चूक बहुतेक वह्यांत आयती सापडते: ‘सगळे आयसोप्रेनॉइड मेव्हॅलोनेटपासून बनतात.’ मिशेल रोमर यांच्या जिवाणूंवरच्या कामातून १९९० च्या दशकात एमईपी (मेथिलएरिथ्रिटॉल फॉस्फेट) हा दुसरा मार्ग पुढे आला. पाच कार्बनचे आयपीपी आणि डीएमएपीपी हे पायाभूत रेणू दोन्हीकडे तेच. कच्चा माल मात्र वेगळा. मेव्हॅलोनेट मार्गात तीन ॲसिटिल-कोए लागतात, तर एमईपीत पायरुव्हेट आणि ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट.

ही चूक सुधारली की लोक दुसऱ्या टोकाला जातात. ‘वनस्पती म्हणजे एमईपी’ हेही खोटंच. वनस्पतीत दोन्ही मार्ग चालतात: पेशीद्रवातल्या मेव्हॅलोनेट मार्गातून स्टेरॉल, लवकातल्या एमईपीतून कॅरोटिनॉइड आणि हरितद्रव्याचं फायटॉल शेपूट. दोहोंमध्ये थोडी देवाणघेवाणही होते. रोपाला फॉसमिडोमायसिन दिलं आणि नवी पानं पांढरी आली, तर तेवढ्यावरून स्टेरॉलचीही निर्मिती थांबली असं लिहू नका. ते औषध एमईपी मार्गातल्या डीएक्सआर या एन्झाइमला अडवतं आणि डीएक्सआर लवकात असतं.

जिवाणूंतही सरसकट नियम नाही. ई. कोलाय एमईपी वापरतो, स्टॅफिलोकॉकस ऑरियस मेव्हॅलोनेट. त्यामुळे स्टॅफिलोकॉकसवर फॉसमिडोमायसिन चाललं नाही म्हणून तो ‘प्रतिरोधक झाला’ म्हणणं चूक. औषधाचं लक्ष्यच तिथे नाही. क्षयाच्या जिवाणूची गोष्ट आणखी वेगळी: डीएक्सआर आहे, पण औषध पेशीत शिरत नाही. एकच निकाल, दोन कारणं. मला तर परीक्षेत विचारायला हा सर्वांत आवडता प्रश्न वाटतो.

आकृती काढताना आयसोमरेज (आयपीपीचं डीएमएपीपी करणारं एन्झाइम) दोन्हीकडे सारखंच अत्यावश्यक दाखवू नका. मेव्हॅलोनेट मार्गातून फक्त आयपीपी मिळतं, म्हणून तिथे आयसोमरेजशिवाय डीएमएपीपी नाही. एमईपीची शेवटची पायरी दोन्ही देते, आयपीपी जास्त.

आता प्रयोगाच्या टेबलावर. ई. कोलाय स्वतः लायकोपीन (टोमॅटोतलं लाल कॅरोटिनॉइड) बनवत नाही. त्यासाठी बाहेरून जनुकं घालावी लागतात. कॉलनी लालऐवजी फिकट दिसल्या की पहिला मोह डीएक्सएस, म्हणजे एमईपीच्या पहिल्या पायरीचं एन्झाइम, वाढवण्याचा. कधी फायदा होतोही, पण नेहमी नाही. शेवटच्या दोन पायऱ्यांच्या आयएसपीजी आणि आयएसपीएच या एन्झाइमांना लोह-गंधकाचे गुच्छ लागतात आणि ऑक्सिजन त्यांना मानवत नाही. वरून पाणी वाढवलं आणि खाली नळी अरुंदच राहिली, तर मधले रेणू तुंबतात. यीस्टचा मेव्हॅलोनेट मार्ग ई. कोलायमध्ये बसवतानाही तेच: एचएमजी-कोएपासून मेव्हॅलोनेट बनवणारं एचएमजी-कोए रिडक्टेज कमी पडलं की एचएमजी-कोए साचतं आणि वाढ मंदावते. अशा वेळी प्रेरक (घातलेली जनुकं चालू करणारं रसायन) आणखी ओतणं म्हणजे आगीत तेल.

आणि सगळा दोष जनुकांवर ढकलण्याआधी नळीच्या तळाशी बसलेला पेशींचा गोळा नीट बघा. ॲसिटोनने अर्क काढल्यावरही तो गुलाबी असेल तर लायकोपीन आतच अडकलंय. गोळा पांढरा पडेपर्यंत पुन्हा काढा. गोळा पांढरा आणि अर्कही फिका असेल, तर नळी उजेडात किती वेळ उभी होती ते आठवा. लायकोपीन प्रकाशात आणि हवेत विरतं. नळीला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळून तोच प्रयोग एकदा परत करून पाहा, प्लाझ्मिड (बाहेरची जनुकं वाहणारा डीएनए) नंतर बदला.