वाशाच्या तिरक्या टोकाची आखणी

छपराच्या वाशाचं टोक कोनमापकाने आखू नका. अर्ध्या अंशाची चूक अडीच मीटरवर 22 मिमी होते. त्यापेक्षा उतार प्रमाणात धरा. आडवं 2400 मिमी आणि चढ 1200 असेल तर मोठा गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) वाशाच्या एकाच कडेवर असा टेकवा की एका भुजेवर 300 आणि दुसरीवर 150 हे आकडे त्या कडेला येतील. 150च्या भुजेची रेघ म्हणजे आढ्याला (छपराच्या शिखरावरच्या आडव्या लाकडाला) टेकणारा उभा काप. 300ची भुजा भिंतीवर बसणाऱ्या खाचेची आडवी रेघ देते.

या उतारात तिरपी लांबी 2683 मिमी. ती आढ्याकडच्या आणि भिंतीकडच्या उभ्या रेघांमध्ये एकाच कडेवर मोजा. एका टोकाला वरची आणि दुसऱ्याला खालची कड धरली, तर 100 मिमी रुंद वाशात थेट 50 मिमीचा फरक पडतो. दोन्ही उभे काप समांतर हवेत. उलटे आखले की वासा वाया.

समोरासमोरच्या वाशांच्या मधे आढं असेल तर त्याची निम्मी जाडी वजा करा, पण उभ्या रेघेला काटकोनात मोजून. कडेवरून तिरपं मोजलं तर कमी कापलं जाईल.

मायटर सॉवर (कोन लावून कापायच्या यंत्र-करवतीवर) शून्य म्हणजे सरळ काप, म्हणून इथे या उताराचा कोन 26.5 अंश लावा, 63.5 नव्हे. पातं रेघेच्या टाकाऊ बाजूला ठेवा. पहिला वासा जागेवर लावून पाहा आणि बाकीचे सगळे त्याच्यावरूनच आखा. आधीच्या वाशावरून पुढचा आखत गेलात तर पेन्सिलीची जाडी दर वेळी साठत जाते.