वॉर्निंग गेली म्हणजे बग गेला असं नाही: आर शिकणाऱ्यांसाठी

आरमध्ये (डेटाच्या हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत) एखादा कॉलम आकड्यांसारखा वागत नसेल आणि कोणी म्हणालं, "अ‍ॅज.न्यूमेरिक लाव, चालेल" (म्हणजे किमतींचे आकडे करणारं फंक्शन लाव), तर जरा थांबा. चालेल हे खरंच. मी हाती घेतलेल्या एका जुन्या स्क्रिप्टमध्ये नेमकी हीच ओळ होती. ती बिनतक्रार चालायची आणि चुकीची उत्तरं द्यायची. तिच्यापायी इतकी डोकेफोड झाली आहे की बाकीच्या गोष्टी इथे थोडक्यात उरकून त्या एका ओळीबद्दल मी लांबण लावणार आहे.

आधी एररबद्दल, कारण नवीन माणूस घाबरतो तो एररला. 'ऑब्जेक्ट ऑफ टाइप क्लोजर इज नॉट सबसेटेबल' हे वाचलं की आपल्याला काहीच येत नाही असं वाटायला लागतं. अर्थ एवढाच, की तुम्ही ज्याला डेटा समजताय ते फंक्शन आहे. डेटा फ्रेमला (ओळी-कॉलमांच्या तक्त्याला) डीएफ नाव ठेवलं, ती बनवणारी ओळ चालवायची राहिली, आणि डीएफ नावाचं फंक्शन आरमध्ये आधीपासूनच आहे (एफ वितरणाची घनता काढणारं). आरला तेच सापडलं. ओळ चालवा, विषय संपला. एरर आला की आर थांबतं, आणि थांबलेल्या कोडमधून चुकीचा आकडा कोणाच्या अहवालात जात नाही.

आता ती ओळ. समजा लोकांनी १ ते ५ असे गुण दिलेत (१ म्हणजे अगदी नाराज) आणि ते साध्या न्यूमेरिक व्हेक्टरमध्ये, म्हणजे आकड्यांच्या एका रांगेत, आहेत. कोणत्या गुणाला किती जण, हे टेबल() ने मोजलं. पुढचं काम सोपं व्हावं म्हणून त्या टेबलची डेटा फ्रेम केली. व्हार१ (गुण) आणि फ्रिक (किती जण) असे दोन कॉलम मिळतात. व्हार१ छापून पाहिला तर १, २, ३, ४, ५ दिसतात. दिसतात आकडे, पण तो फॅक्टर आहे, म्हणजे गटांची लेबलं ठेवणारा प्रकार. सरासरी काढायला व्हार१ आणि फ्रिकचा गुणाकार केला की आर एनए (किंमत नाही) देतं आणि वॉर्निंग देतं, की फॅक्टरसाठी गुणाकाराला अर्थ नाही. इथपर्यंत आरची काहीच चूक नाही. ते स्वच्छ सांगतंय. मग कोणीतरी व्हार१ला अ‍ॅज.न्यूमेरिक लावतं. वॉर्निंग गायब, उत्तर हजर.

आणि गंमत अशी, की उत्तर बरोबर असतं! कारण फॅक्टरच्या पोटात खरी किंमत नसतेच. तिथे १, २, ३ असे क्रमांक असतात, आणि कोणत्या क्रमांकाला कोणतं लेबल, याची यादी बाजूला ठेवलेली असते. अ‍ॅज.न्यूमेरिक ती यादी फेकून देतं आणि नुसते क्रमांक हातात ठेवतं. पाचही गुण डेटात असतील तर पहिलं लेबल १, दुसरं २, असं सगळं योगायोगाने जुळतं. म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने तपासलं तेव्हा त्याला काही सापडलं नाही.

आता तीच स्क्रिप्ट गटागटाने चालवा. एका गटात १०० जण आहेत आणि १ गुण कोणीच दिलेला नाही. २ देणारे १०, ३ देणारे २०, ४ देणारे ४०, ५ देणारे ३०. खरी सरासरी ३.९. पण टेबलमध्ये १ नाहीच, म्हणून पहिलं लेबल झालं २ आणि त्याचा क्रमांक १. ३ चा क्रमांक २, ४ चा ३, ५ चा ४. सगळे एक पायरी खाली घसरले आणि सरासरी आली २.९. म्हणजे ज्या गटात एकही माणूस अगदी नाराज नव्हता, नेमका तोच गट अहवालात नाराज दिसला. मधलाच एखादा गुण गायब असेल तर आणखी घाण, कारण मग फक्त त्याच्या वरचे घसरतात. आणि २.९ हा आकडा काही वेडावाकडा दिसत नाही. 'सगळं १ ते ५ च्या आत आहे ना', ही आपली नेहमीची तपासणीसुद्धा इथे पास होते.

उपाय दोन शब्दांचा आहे: आधी अ‍ॅज.कॅरेक्टर, मग त्यावर अ‍ॅज.न्यूमेरिक. लेबल मजकूर म्हणून बाहेर काढायचं आणि त्या मजकुराचा आकडा करायचा. हे काही गुपित नाही. फॅक्टरच्या हेल्प पानावर आणि आरच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतही ते लिहिलेलं आहे. पण हेल्प पान वाचतो कोण? उत्तर शोधताना जी पहिली ओळ समोर येते ती आपण चिकटवतो. मीही तशीच शिकले, त्यामुळे कोणाला नावं ठेवत नाही.

"आता फॅक्टरची कटकट संपली" असं सांगणारे बरेच भेटतील. त्यांचं अर्धंच खरं. एप्रिल २०२० मध्ये आर ४.०.० आलं आणि तेव्हापासून सीएसव्ही वाचताना मजकुराचे आपोआप फॅक्टर होत नाहीत. टेबलपासून केलेली डेटा फ्रेम मात्र आजही फॅक्टर देते, आकड्यांचे गट पाडणारं कट() फॅक्टर देतं, आणि ४.०.० च्या आधी साठवलेल्या आरडीएस फाइलींमध्ये (आरच्या वस्तू साठवायच्या फाइली) जुने फॅक्टर तसेच बसलेले असतात. मजकुरापासून झालेल्या फॅक्टरमध्ये तर लेबलं अक्षरांच्या क्रमाने लागतात: १०, १००, ९. म्हणजे ९ चा झाला ३ आणि १०० चा झाला २.

याच जातीच्या गप्प बसणाऱ्या गोष्टी अजून आहेत, त्या नुसत्या सांगून ठेवते. सहा लांबीच्या व्हेक्टरमध्ये तीन लांबीचा मिळवला तर आर छोटा व्हेक्टर दोनदा वापरतं आणि चकार शब्द काढत नाही. पूर्ण पट बसत नसेल, जसं चार लांबीचा मिळवला, तरच कुरकुरतं. इफएल्समधून (अट पाहून दोनपैकी एक किंमत देणारं फंक्शन) तारीख नेली तर तारखेचा आकडा होतो, १ जानेवारी २०२० चे १८२६२. रिकाम्या व्हेक्टरवर 'एकपासून लांबीपर्यंत' असं लूप लावलं तर ते शून्य वेळा नाही, दोनदा फिरतं, आधी १ साठी आणि मग ० साठी. तिथे सेक_अलाँग वापरा.

वॉर्निंगबद्दल माझं मत कडक आहे. सप्रेसवॉर्निंग्ज हे वॉर्निंग लपवणारं फंक्शन नवख्या माणसाच्या हातात देऊच नये. अडचण अशी, की आर वॉर्निंग लगेच दाखवत नाही. सगळं काम आटोपल्यावर एकदम दाखवतं, दहाच्या वर गेल्या तर 'इतक्या वॉर्निंग आहेत' एवढंच म्हणतं, आणि मग नेमकी कुठली ओळ हे कळेनासं होतं. त्यासाठी ऑप्शन्समध्ये वॉर्नची किंमत २ करा. आता प्रत्येक वॉर्निंग एरर बनेल आणि कोड जागच्या जागी थांबेल. लगेच ट्रेसबॅक() चालवा, कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ते दिसेल. त्या फंक्शनमध्ये, गडबड व्हायच्या आधीच्या ओळीवर ब्राउझर() (कोड तिथे थांबवून आत पाहू देणारं) लिहा आणि पुन्हा चालवा. आत शिरल्यावर प्रत्येक वस्तूला एसटीआर() लावून तिचा खरा प्रकार पाहा. नुसतं छापून पाहू नका. छापल्यावर फॅक्टर, मजकूर आणि आकडा डेटा फ्रेममध्ये सारखेच दिसतात, माझा सगळा घोळ तिथेच झाला होता.

दुसऱ्याची स्क्रिप्ट वाचायला घेताना सेशन नव्याने सुरू करा. 'सगळे ऑब्जेक्ट पुसा' ही ओळ स्क्रिप्टच्या डोक्यावर लिहून भागत नाही, कारण लोड केलेली पॅकेजेस आणि बदललेले ऑप्शन्स तिने जात नाहीत. मग एकात एक अडकवलेल्या फंक्शनांची ओळ आली की सर्वांत आतला तुकडा आधी चालवा, तो काय देतो ते पाहा, मग बाहेर या. सावकाश जातं. सुरुवातीला एका ओळीत दुपार गेली तरी चालेल, खरंच चालेल.

मार्गदर्शक कसा असावा यावरही थोडं. तुमचा कीबोर्ड ओढून दोन मिनिटांत कोड 'नीट करून' देणारा माणूस मला नको वाटतो, कितीही हुशार असला तरी. त्याने काय पाहिलं, कशावरून ओळखलं, हे तुम्हाला कळतच नाही, आणि तो स्वतः बऱ्याचदा अ‍ॅज.न्यूमेरिकच लावून गेलेला असतो. कोड लिहून देणाऱ्या एआयचंही तेच: वॉर्निंग दाखवली की ती घालवणारी ओळ मिळते. त्यापेक्षा प्रश्न बदलून विचारा, 'ही वॉर्निंग का येतेय?' उत्तर पटलं नाही तर पाच-सहा ओळींचा खोटा डेटा स्वतः हाताने बनवा, ज्याची सरासरी तुम्हाला तोंडी काढता येते. त्यात एक गुण मुद्दाम गाळा. स्क्रिप्ट त्यावर चालवा आणि मूळ व्हेक्टरच्या सरळ मीन() शी उत्तर ताडून पाहा.