शाळेत शरीरक्रियाशास्त्र न्यायचंय? या चुका टाळा

फळ्यावर आधीच ७२ लिहू नका. आम्ही कॉलेजचे विद्यार्थी शाळेत गेलो तेव्हा लिहिलं होतं, 'नाडीचे ठोके मिनिटाला ७२'. मग पाचवीच्या अख्ख्या वर्गाची नाडी ७२ भरली! पुस्तकातला आकडा समोर असला की मूल मनगट विसरतं. खरं तर त्या वयात बसल्याजागी ७० ते ११० काहीही येऊ शकतं. पोरं मधल्या सुट्टीतून धावत आली असतील तर आणखी जास्त. पाच मिनिटं बसवा, मग मोजा.

'नाडी लागतच नाही' ही तक्रार येणारच. बहुतेक वेळा बोटं जोरात दाबलेली असतात आणि रक्तवाहिनीच बंद होते. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेला तीन बोटं हलकेच टेकवायची. अंगठा वापरायचा नाही. त्याचे स्वतःचेच ठोके जाणवतात आणि मूल दोस्ताच्या नावावर आपली नाडी मोजतं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची घाईही नको, कारण एक ठोका चुकला की उत्तर चारने चुकतं. पूर्ण मिनिट द्या.

एखादी मुलगी सांगेल, ठोके मध्येच जलद होतात, मध्येच मंदावतात. आमच्यातला प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी हे ऐकून गडबडला होता. तिला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगा. श्वास आत घेताना नाडी वाढते, सोडताना उतरते. मुलांमध्ये हे मोठ्यांपेक्षा ठळक जाणवतं. असा शोध वर्गात लागला की उरलेल्या स्लाइड्स बॅगेतच राहू द्याव्यात. तरीही काही खटकलंच तर शिक्षकांशी बाजूला बोला, वर्गासमोर रोगनिदान नको.

गुडघ्याचा झटका येत नाही? पाय जमिनीला टेकलेला असतो, नाहीतर मूल पाय ताठ धरून वाट पाहत असतं. बाकावर बसवून पाय लोंबकळू द्या, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून खेचायला सांगा आणि वाटीच्या लगेच खाली हलकेच ठोका मारा. हातोडी नसेल तर तळहाताची कडा चालते.

बाटली-फुग्याचं फुप्फुस (बाटलीत स्ट्रॉला बांधलेला फुगा, बुडाला ताणलेला रबर) फसतं ते दोन जागी. स्ट्रॉच्या सांध्यातून हवा निसटते, तिथे एम-सील लावा. आणि पाण्याची पातळ बाटली स्वतःच आत चेपते, म्हणून जाड प्लास्टिकची घ्या. खालचा रबर म्हणजे श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वासाचा स्नायू, हे मुलांना पटतं. पण फुप्फुस मोकळ्या पोकळीत लटकलेलं असतं असाही समज होतो. खऱ्या छातीत ते आतल्या भिंतीला चिकटून असतं, मध्ये द्रवाचा पातळ थर. हे सांगायला विसरू नका.

जिभेचा 'पुढे गोड, मागे कडू' नकाशा घरीच ठेवा, तो चुकीचा आहे. शिरांतलं रक्तही निळं नसतं, गडद लाल असतं; निळी असते ती तक्त्यावरची शाई.

स्टेथोस्कोप एक आणि मुलं पन्नास, तर प्लास्टिकचं नरसाळं आणि रबरी नळी आणा. प्रत्येकाला स्वतःचंच हृदय ऐकता येतं, कुणाला कुणाच्या छातीला कान लावावा लागत नाही. १८१६ मध्ये पॅरिसच्या लाएनेक या डॉक्टरनं कागदाची गुंडाळी केली, तोच पहिला स्टेथोस्कोप, तीही एका तरुण रुग्णाच्या छातीला कान लावण्याचा संकोच वाटून. आठवी-नववीत हा संकोच तसाच असतो.

म्हणूनच सगळ्यांसमोर वजन करू नका, रंगांधळेपणाचे तक्ते एकेकाला उभं करून दाखवू नका. रक्तगटासाठी बोट टोचणं तर शाळेत नकोच. सुई, जंतुसंसर्ग, पालकांची परवानगी हे प्रश्न आहेतच. शिवाय एखाद्याचा रक्तगट आईवडिलांशी जुळत नाही असं वर्गातच कुणीतरी बोलून दाखवतं.