रिन्यू म्हणजे नेमकं कोणतं नूतनीकरण?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं दुकानाचं लायसन असो की जुन्या वाड्याचं काम, मराठीत दोन्हीला ‘नूतनीकरण’ चालतं, कन्नडात ‘नवीकरण’. इंग्रजी अर्जात घोळ होतो तो इथंच. इंग्रजीनं हे काम चार क्रियापदांत वाटून दिलंय.

आधी एवढंच विचारा, मुदत संपते का? परवाना, वाहनविमा, मुदत ठेव, भाडेकरार, वाचनालयाचं पुस्तक यांना रिन्यू. यात तारीख पुढं सरकते. गिलावा, कौलं, फरशी बदलायची तर रिनोव्हेट. हप्ते थकून बंद पडलेली आयुर्विम्याची पॉलिसी रिव्हाइव्ह होते. पासपोर्टला बोलताना सगळेच रिन्यू म्हणतात, पण अर्जात री-इश्यू निवडायचं, कारण हातात येते ती नव्या क्रमांकाची नवी पुस्तिका.

जास्तीत जास्त चुका वाक्यात होतात. ‘लायसन रिन्यू झालं’ हे डोक्यात असल्यामुळं ‘इज रिन्यू’ लिहिलं जातं. तिथं ‘हॅज बीन रिन्यूड’ हवं, शेवटचा ड गाळू नका. किती काळासाठी ते सांगताना ‘फॉर’ (फॉर वन इयर), कोणत्या तारखेपर्यंत ते सांगताना ‘अनटिल’. नाम वापरलंत तर मध्ये ‘ऑफ’ घाला: रिन्यूअल ऑफ लायसन्स. ‘रिन्यू अगेन’मधलं अगेन बहुतेक वेळा फुकटचं, ‘री’मध्येच पुन्हा आहे. उच्चारताना जोर न्यूवर द्या. स्पेलिंगमधला डब्ल्यू बघून ‘रिनेवल’ म्हणू नका.

‘ड्यू फॉर रिन्यूअल’ वाचून फी थकली असं समजू नये. नूतनीकरणाची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ. ‘एक्स्पायर्ड’ म्हणजे मात्र मुदत संपलीच. वाहन चालवण्याच्या परवान्यात हा फरक महागात पडतो. मुदतीच्या आधी एक वर्षापासून नंतर एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो. त्यापुढं गेलात की पुन्हा चाचणी.

कागदपत्रांबाहेर हा शब्द जरा मोकळा होतो. तुटलेली ओळख रिन्यू करता येते. ‘रिन्यूड इंटरेस्ट’ म्हणजे ओसरलेली ओढ पुन्हा लागणं. पहिल्यांदाच गोडी लागली असेल तर हा शब्द लावू नये. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांची वीज इंग्रजीत ‘रिन्यूएबल’, म्हणजे जिचा स्रोत पुन्हा भरून येतो. मराठीत तिला ‘अक्षय’ ऊर्जा म्हणतात, न संपणारी. भाषांतर करताना दोन्ही चालतात, मात्र लायसनला ‘अक्षय’ म्हणायची सोय नाही.