टँकर मागवण्याआधी टाकीची रात्र मोजा
खडकवासला धरणसाखळीतला साठा उतरला आणि पाणी एक दिवसाआड आलं, की पुण्यातल्या सोसायट्या थेट टँकरवाल्याला फोन लावतात. आधी गळती मोजा.

रात्री एक वाजता पंप बंद करा, वरच्या टाकीतून इमारतीत उतरणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करा आणि झाकणाच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर स्टीलच्या टेपने मोजा. पहाटे चारला पुन्हा तिथेच मोजा. टाकी आतून ४ मीटर बाय ३ मीटर असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे १२० लिटर. पातळी उतरली तर टाकी गळतेय किंवा जुना गेटव्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीये. दुसऱ्या रात्री व्हॉल्व्ह उघडे ठेवून हेच करा. जास्तीची घट घराघरातली किंवा तिथवर जाणाऱ्या पाइपांतली.

त्यात बहुतेकदा फ्लशच दोषी निघतो, कारण त्याचा आवाज होत नाही. फ्लशच्या टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका, अर्धा तास वापरू नका. कमोडच्या भांड्यात निळं दिसलं तर आधी पातळी बघा: पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापर्यंत आलं असेल तर फ्लोट खाली करून ते २ सेंटिमीटर खाली आणा. तरीही निळं उतरलं तर तळाचं वॉशर बदला.

जमिनीखालची टाकी मोजताना महापालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्हही बंद हवा. तिथे पातळी वाढलेली दिसली तर ते जास्त वाईट: बाहेरचं पाणी, कदाचित ड्रेनेजचं, आत झिरपतंय. ते पिणं लगेच थांबवा.